पांढऱ्या उंदराची वंशावळ

मराठी माणसाने उंदराकडे आजवर तीन नात्यांनी पाहिले आहे. तो गणपतीचे वाहन आहे, कणगीतल्या धान्याचा चोर आहे आणि प्लेगचा दूत आहे. घरात हौसेने उंदीर पाळण्याचे आणि त्यांची पैदास करण्याचे चौथे नाते आपल्याकडे इतके अलीकडचे आहे की, त्याला काही इतिहास असेल असे सहसा कोणाच्या मनात येत नाही. तो इतिहास आहे, आणि त्याचा एक धागा थेट मुंबईत परळपर्यंत येऊन पोचतो. तो उलगडून पाहावा, एवढाच या लेखाचा हेतू.

सुरुवात मुळशीपासून करू. आंबेमोहोर भातासाठी हा तालुका प्रसिद्ध आहे, आणि जिथे भात तिथे उंदीर हे ओघानेच आले. खाचरांच्या बांधांत बिळे कोठे असतात, त्यांची तोंडे कशी ओळखावीत, हे इथल्या कातकऱ्यांइतके कोणाला ठाऊक नसेल. उंदीर हे त्यांच्या आहारातले अन्न; म्हणून त्यांचे ज्ञान बारकाईचे. ते तोंडीच राहिले, वहीत उतरले नाही. याच तालुक्यात आज हिंजवडीच्या संगणक कंपन्या आहेत आणि सदनिकांच्या रांगा आहेत. तिथल्या एखाद्या मुलाने पांढऱ्या उंदरांची जोडी हट्टाने घरी आणली, तर त्याच्या आजीला तो शुद्ध वेडेपणा वाटेल. तिच्या नकाराला कारण आहे, आणि ते सव्वाशे वर्षांपूर्वीचे आहे.

सप्टेंबर १८९६ मध्ये मुंबईच्या मांडवी भागात प्लेग उघड झाला. १८९७ च्या आरंभी तो पुण्यात पसरला. घरझडत्या, रँडचा अंमल आणि २२ जून १८९७ च्या रात्री चापेकर बंधूंनी केलेला हल्ला हा इतिहास आपण शाळेत शिकतो. घरात उंदीर मरून पडला की घर सोडायचे, हे लोक अनुभवाने शिकले होते. उंदरावरच्या पिसवेतून रोग माणसाला होतो, हे पॉल-लुई सिमाँ या फ्रेंच डॉक्टराने १८९८ मध्ये कराचीत प्रयोगाने दाखवले. पुढे १९०५ नंतर मुंबईत झालेल्या प्लेग आयोगाच्या प्रयोगांनी ते पक्के झाले. या साथीत मरत होता तो मुख्यतः मोठा काळा उंदीर. पाळतात तो लहानखुरा उंदीर ही वेगळी जात. परंतु मराठीने दोघांनाही एकच शब्द दिला. घूस वेगळी, चिचुंद्री वेगळी. हे दोघे मात्र नुसते उंदीर. एकाचे पाप दुसऱ्याच्या माथी बसले, त्यात भाषेचाही थोडा हात आहे.

इतरत्र हे नाते निराळ्या वाटेने गेले होते. जपानात अठराव्या शतकात रंगीबेरंगी उंदीर पाळण्याचा छंद फोफावला होता. १७८७ मध्ये तिथे या छंदावरचे एक पुस्तकच छापले गेले. कोणत्या रंगाच्या जोडीला कोणत्या रंगाची पिल्ले होतात, याच्या सूचना त्यात आहेत. मेंडेलच्या वाटाण्यांना अजून पाऊणशे वर्षे अवकाश होता. इंग्लंडमध्ये १८९५ साली उंदीर पाळणाऱ्यांचा राष्ट्रीय मंडळ स्थापन झाले आणि तिथे उंदरांची प्रदर्शने भरू लागली. जपानी उंदीरही युरोप-अमेरिकेतल्या हौशी लोकांकडे पोचले.

अमेरिकेत मॅसॅच्युसेट्स राज्यातल्या ग्रॅनबी गावी ॲबी लॅथ्रॉप नावाची एक निवृत्त शिक्षिका राहत असे. साधारण १९०० च्या सुमारास तिने हौशी गिऱ्हाइकांसाठी घराशेजारी उंदरांची पैदास सुरू केली. लवकरच प्रयोगशाळाच तिच्या मोठ्या गिऱ्हाईक झाल्या. काही उंदरांच्या अंगावर गाठी येतात हे तिच्या ध्यानात आले. तिने जाणकारांना पत्रे लिहिली. लिओ लोब या रोगनिदानतज्ज्ञाने त्या गाठी कर्करोगाच्या असल्याचे सांगितले, आणि पुढे दोघांनी मिळून शोधनिबंध लिहिले. स्तनांच्या गाठींचे प्रमाण वंशागणिक बदलते, आणि बीजांडकोश काढल्यास ते घटते, हे त्यांतून पुढे आले. हे साधले ते तिच्या वह्यांमुळे. कोणती मादी, कोणता नर, किती पिल्ले, कोणाला गाठ आली, हे सारे तिने नोंदवून ठेवले होते. १९१८ मध्ये ती वारली. तिच्याकडच्या ५७ क्रमांकाच्या मादीपासून क्लॅरेन्स लिटल यांनी १९२१ मध्ये जो काळा वंश सुरू केला, तोच आज जगातल्या प्रयोगशाळांत सर्वाधिक वापरला जातो. २००२ मध्ये उंदराच्या जनुकसंचाचा जो आराखडा प्रसिद्ध झाला, तोही याच वंशाचा. प्रयोगशाळेतल्या उंदरांच्या जनुकसंचात त्या जुन्या जपानी पाळीव उंदरांचा अंश आहे, असेही २०१३ च्या संशोधनात दिसून आले. छंदाची वंशावळ अशी विज्ञानात मिसळून गेली आहे.

आता परळचा धागा. कमल रणदिवे यांचा जन्म १९१७ साली पुण्यातला. माहेरचे आडनाव समर्थ. वडील फर्ग्युसन महाविद्यालयात जीवशास्त्र शिकवीत, आणि कमलबाईही तिथेच शिकल्या. मुंबईत डॉ. वसंत खानोलकरांच्या मार्गदर्शनाखाली त्यांनी १९४९ मध्ये पीएच.डी. मिळवली. अमेरिकेत काही काळ काम करून त्या परळच्या भारतीय कर्करोग संशोधन केंद्रात परतल्या. त्यांच्या अभ्यासाचा एक मोठा विषय होता उंदरांमधील स्तनाचा कर्करोग आणि त्याचा आनुवंशिकतेशी असलेला संबंध, म्हणजे ग्रॅनबीच्या शिक्षिकेने वहीत मांडलेला तोच प्रश्न. केंद्राच्या इंग्रजी आद्याक्षरांवरून ‘आयसीआरसी’ या नावाने ओळखला जाणारा उंदरांचा वंश इथेच घडला. त्यात स्तनाच्या कर्करोगाचे प्रमाण मोठे आहे. जगाच्या शोधनिबंधांत मुंबईचा म्हणून ओळखला जाणारा उंदीर आहे, ही गोष्ट आपल्यापैकी कितीजणांना ठाऊक असते? रणदिवे यांना १९८२ मध्ये पद्मभूषण मिळाले; २००१ मध्ये त्यांचे निधन झाले.

पुण्यात १९५२ मध्ये स्थापन झालेल्या विषाणू संशोधन केंद्राची कथाही उंदरांखेरीज पुरी होत नाही. विषाणू ओळखण्यासाठी संशयित नमुना उंदरांच्या काही दिवसांच्या पिल्लांना टोचणे ही त्या काळची मुख्य पद्धत होती. १९५७ मध्ये शिमोग्याच्या जंगलात माकडे मरू लागली आणि माणसे तापाने आजारी पडली, तेव्हा क्यासनूर अरण्यरोगाचा विषाणू सापडला तो अशाच उंदरांमुळे. ज्या पुण्यात उंदराच्या भयाने घरे ओस पडली होती, तिथेच साठ वर्षांत उंदीर मुद्दाम वाढवले जाऊ लागले, तेही साथ रोखण्यासाठी.

मग घरी उंदीर पाळणाऱ्या आजच्या मुलाला या इतिहासातून काय मिळते? आमच्या मते, वहीची शिकवण. मादी १९ ते २१ दिवस गाभण असते, एका वेळी सहा-आठ पिल्ले होतात, ती सुमारे सहा आठवड्यांत वयात येतात, आणि विणीनंतर दिवसभरातच मादी पुन्हा गाभण राहू शकते. नर-मादी वेळेवर वेगळे केले नाहीत, तर दोनाचे पन्नास व्हायला काही महिने पुरतात. त्यांची सोय लागली नाही की लोक ते रानात सोडून देतात. पिढ्यान्‌पिढ्या माणसाच्या हातचे खाल्लेला पांढरा उंदीर भाताच्या खाचरात एखाद्या घुबडाच्या वा धामणीच्या दृष्टीला पडल्यावाचून किती दिवस राहील? त्याला मोकळे केले असे म्हणणे ही आपली सोय झाली.

जपानातले छंदी लोक आणि ॲबी लॅथ्रॉप हे साधे पाळणारेच होते. त्यांनी कोण कोणाचे पिल्लू हे लिहून ठेवले, म्हणून त्यांचा छंद ज्ञान ठरला. आपल्याकडे वतनाच्या वंशावळी जिवापाड जपल्या गेल्या, कारण त्यांवर हक्क ठरत होता. पाळलेल्या जिवाच्या वंशावळीवर हक्क ठरत नाही, जबाबदारी ठरते. ज्या घरात ती लिहिली जाईल, तिथे पिल्ले जन्माला घालण्यापूर्वी ती कोठे जातील याचाही विचार होईल. आणि बांधावरच्या बिळांविषयी कातकऱ्यांना जे ठाऊक आहे, तेही त्यांच्या नावानिशी कधीतरी लिहून घ्यायला हवे. त्याला अजून उशीर झालेला नाही.