आद्य ख्रिस्ती धर्म आणि भारतीय अध्यात्म

आद्य ख्रिस्ती धर्म आणि भारतीय अध्यात्म यांच्या संभाव्य संबंधांचा प्रश्न हा तौलनिक धर्मेतिहासातील एक जुना व वादग्रस्त प्रश्न आहे. इसवी सनाच्या पहिल्या काही शतकांत बौद्ध, ब्राह्मणी व अन्य भारतीय विचार भूमध्य समुद्राच्या पूर्व किनाऱ्यापर्यंत पोहोचले होते काय, आणि पोहोचले असल्यास नव्या करारावर किंवा आद्य ख्रिस्ती ग्रंथकारांवर त्यांचा ठसा उमटला काय, असे या प्रश्नाचे स्वरूप आहे. त्याचा विचार करताना दोन प्रदेशांतील दळणवळण, एकमेकांविषयीची माहिती आणि प्रत्यक्ष उसनवारी या तीन गोष्टी वेगळ्या ठेवाव्या लागतात. पहिल्या दोहोंना भक्कम पुरावा आहे. तिसरीचा सर्वांत निर्विवाद दाखला म्हणजे बुद्धचरित्रावरून तयार झालेली संत जोसाफट याची कथा. परंतु ती घडली येशूनंतर कित्येक शतकांनी.

संपर्काचे मार्ग

सम्राट अशोकाच्या तेराव्या शिलालेखात अंतियोक, तुरमाय, अंतिकिनी, मग व अलिकसुंदर या पाच यवन राजांच्या प्रदेशांत धम्मविजय झाल्याचे म्हटले आहे. यांपैकी पहिले दोघे सीरिया व इजिप्त येथील राजे होत. मात्र तेथे बौद्ध संघ स्थापन झाल्याचा दाखला ग्रीक साधनांत मिळत नाही.

व्यापाराचा पुरावा अधिक ठोस आहे. तांबड्या समुद्रावरील मायोस होर्मोस या बंदरातून दरसाल सुमारे १२० जहाजे भारताकडे जात, असे भूगोलवेत्ता स्ट्रेबो लिहितो. पहिल्या शतकातील 'पेरिप्लस' या ग्रीक प्रवासवर्णनात भडोच, सोपारा, कल्याण व केरळातील मुझिरिस या बंदरांचे उल्लेख असून पैठण व तेर येथून येणाऱ्या मालाचीही माहिती आहे. कार्ले येथील चैत्यगृहाच्या स्तंभांवर यवन दात्यांचे लेख आहेत. म्हणजे यवन म्हणवणारे लोक बौद्ध संघाला दान देत होते, हे महाराष्ट्रातील दगडावरच कोरलेले आहे.

सम्राट ऑगस्टसच्या काळी भडोचहून गेलेल्या झार्मनोखेगस नावाच्या एका भारतीयाने अथेन्स येथे स्वेच्छेने अग्निप्रवेश केला. त्याची समाधी तेथे होती, असे स्ट्रेबो सांगतो आणि प्लुटार्कच्या काळीही ती दाखवली जात असे. करिंथकरांस लिहिलेल्या पहिल्या पत्रात (१३:३) पौलाने आपले शरीर जाळण्यासाठी देण्याचा जो उल्लेख केला आहे, त्यामागे ही घटना असावी असे काही अभ्यासकांनी सुचवले आहे. कल्पना आकर्षक आहे. परंतु अनेक प्राचीन हस्तलिखितांत 'जाळण्यासाठी' याऐवजी 'अभिमान बाळगण्यासाठी' असा पाठ आहे. ग्रीक भाषेत या दोन शब्दांत एका अक्षराचाच काय तो फरक पडतो.

ख्रिस्ती ग्रंथकारांना असलेली माहिती

इ. स. २०० च्या सुमारास अलेक्झांड्रियाचा क्लेमेंट याने 'स्ट्रोमाटा' या ग्रंथात बुद्धाच्या उपदेशाप्रमाणे वागणाऱ्या व त्याच्या थोर पावित्र्यामुळे त्याला देव मानणाऱ्या भारतीयांचा उल्लेख केला आहे. ख्रिस्ती वाङ्मयातील बुद्धाच्या नावाचा हा सर्वांत जुना ज्ञात उल्लेख होय. क्लेमेंटचा गुरू पँटिनस हा भारतात गेला होता, असे युसेबियस हा इतिहासकार सांगतो. तथापि त्या काळी 'इंडिया' हे नाव दक्षिण अरबस्तान व इथिओपिया यांनाही सैलपणे लावले जाई. एडेसाचा बार्डेसान (१५४–२२२) याने रोमकडे निघालेल्या भारतीय दूतांकडून ब्राह्मण व श्रमण यांच्या आचारांची माहिती मिळवली. संत जेरोम याने इ. स. ३९३ च्या सुमारास बुद्ध एका कुमारिकेच्या कुशीतून जन्मल्याची भारतीय समजूत नोंदवली आहे.

हे सर्व ग्रंथकार शुभवर्तमाने लिहिली गेल्यानंतरचे आहेत, ही गोष्ट पुष्कळदा नजरेआड केली जाते. शिवाय त्यांची माहिती बहुतांशी ऐकीव आहे.

तिसऱ्या शतकातील सीरियाक भाषेतील 'थोमाची कृत्ये' या ग्रंथात प्रेषित थोमा हा गुंडफर राजाच्या दरबारी गेल्याची कथा आहे. या राजाची नाणी आणि तख्त-ए-बाही येथील शिलालेख सापडल्यामुळे तो ऐतिहासिक पुरुष ठरला. अर्थात राजा खरा ठरल्याने कथा खरी ठरत नाही. सहाव्या शतकात कॉस्मस या प्रवाशाने 'कल्लियाना' येथे इराणातून नेमलेला बिशप असल्याचे लिहिले आहे. हे स्थळ सामान्यतः ठाणे जिल्ह्यातील कल्याण मानले जाते.

ओरिजेन या तिसऱ्या शतकातील धर्मपंडिताचा पुनर्जन्मावर विश्वास होता व चर्चने ती शिकवण नंतर दडपली, असे लोकप्रिय पुस्तकांतून वारंवार वाचावयास मिळते. ओरिजेनने देहापूर्वी आत्म्याचे अस्तित्व मानले होते हे खरे. परंतु मत्तयाच्या शुभवर्तमानावरील भाष्यात त्याने जन्मांतराची कल्पना नाकारली आहे. त्याच्या आत्मविषयक विचारांचा उगम प्लेटोच्या परंपरेत शोधणे अधिक सयुक्तिक होय.

कथांतील साम्ये

बालयेशूला पाहून धन्य झालेला वृद्ध शिमोन आणि बालसिद्धार्थाला पाहणारा असित ऋषी, येशूला मोह घालणारा सैतान आणि बुद्धाला मोह घालणारा मार, पाण्यावरून चालणारा पेत्र आणि जातकातील नदीवरून चालत जाणारा उपासक, ही साम्ये वाचकाला चटकन जाणवतात. रुडॉल्फ सायडेल या जर्मन विद्वानाने १८८२ मध्ये अशा साम्यांची मोठी यादी केली. रिचर्ड गार्बे याने १९१४ मध्ये त्यांतील बहुतेक वगळून मोजकीच ग्राह्य धरली.

या तुलनेत दोन अडचणी येतात. असिताची कथा 'सुत्तनिपात' या प्राचीन ग्रंथात आहे. पण तुलनेसाठी घेतलेल्या इतर अनेक कथा पाचव्या शतकाच्या सुमारास आकाराला आलेल्या जातकट्ठकथेतील आहेत. दुसरे असे की, शुभवर्तमानांतील प्रसंगांना जवळचाच यहुदी आधार पुष्कळदा सापडतो. पाच भाकरी व दोन मासे यांच्या कथेसाठी बौद्ध कथेकडे जाण्यापूर्वी अलीशाने वीस भाकरींत शंभर माणसांना जेवू घातल्याची जुन्या करारातील कथा पाहावी. अरण्यातील चाळीस दिवसांमागेही इस्राएल लोकांची अरण्यातील चाळीस वर्षे आहेत. सैतानाला येशूने दिलेली तिन्ही उत्तरे 'अनुवाद' या ग्रंथातीलच आहेत.

बोधिसत्त्व ते संत जोसाफट

मध्ययुगीन युरोपात बार्लाम व जोसाफट यांची कथा अत्यंत लोकप्रिय होती. भारतातील एका राजाला मुलगा होतो. तो ख्रिस्ती होईल, असे भविष्य वर्तवले गेल्यामुळे राजा त्याला राजवाड्यात कोंडून वाढवतो. तरीही राजपुत्राला रोगी व जराजर्जर माणूस दिसतो, त्याचे मन उद्विग्न होते, आणि रत्नाचा व्यापारी म्हणून आलेला बार्लाम हा तपस्वी त्याला दीक्षा देतो. पुढे राजपुत्र राज्याचा त्याग करून अरण्यात जातो. ही सिद्धार्थाची कथा आहे, हे भारतीय वाचकाला सांगावे लागत नाही.

नावाचा प्रवासही स्पष्ट दिसतो. 'बोधिसत्त्व' या शब्दाचे अरबीत 'बूदासफ' झाले. अरबी लिपीत 'ब' आणि 'य' यांच्यात केवळ नुक्त्यांचा भेद असल्याने लेखकूंच्या हातून त्याचे 'यूदासफ' झाले. त्यावरून जॉर्जियन भाषेत 'योदासफ', ग्रीकमध्ये 'योआसाफ' आणि लॅटिनमध्ये 'जोसाफट' अशी रूपे बनली. कथेच्या या वाटेवर मानी (२१६–२७४ च्या सुमारास) याच्या अनुयायांचा हात असावा; त्यांच्या ग्रंथांतील या कथेचे अंश मध्य आशियातील तुर्फान येथे सापडले आहेत. तिला ख्रिस्ती रूप जॉर्जियात मिळाले. तेथून अकराव्या शतकापर्यंत ती ग्रीक व लॅटिनमध्ये गेली आणि सोळाव्या शतकात रोमन हुतात्मासूचीत २७ नोव्हेंबर हा या दोघांचा स्मरणदिन नोंदला गेला.

या कथेतील एक दृष्टांत मराठी वाचकांच्या विशेष परिचयाचा आहे. विहिरीत लोंबकळणारा माणूस, तळाशी सर्प, वर हत्ती, आधार कुरतडणारे काळे-पांढरे उंदीर आणि तरीही मधाच्या थेंबांत रमलेले त्याचे मन: महाभारताच्या स्त्रीपर्वात विदुर हा दृष्टांत धृतराष्ट्राला सांगतो, आणि जैन वाङ्मयात तो मधुबिंदू म्हणून प्रसिद्ध आहे. ग्रीक कथेत हत्तीच्या जागी एकशिंगी प्राणी आला. इटलीतील पार्मा येथील बाप्तिस्मागृहावर या दृष्टांताचे शिल्प आहे.

जोसाफट व बुद्ध यांचे साम्य ओळखणाऱ्या पहिल्या युरोपीयांपैकी एक होता गोव्यातील पोर्तुगीज दप्तराचा प्रमुख दियोगु दु कोउतु. साष्टी बेटावरील कान्हेरीची लेणी पाहताना त्याने एका वृद्धाला ती कोणी कोरली असे विचारले. संत जोसाफटच्या पित्याने मुलाला एकांतात वाढवण्यासाठी ती करविली, असे उत्तर मिळाले. हा वृद्ध ती कथा पाद्र्यांकडूनच ऐकून असावा; पण कान्हेरी हा बौद्ध विहार असल्याने त्याचे उत्तर नकळत सत्याच्या जवळ गेले. दु कोउतुने १६१२ मध्ये प्रसिद्ध झालेल्या आपल्या इतिहासखंडात, जोसाफट म्हणजेच लोक ज्याच्या अद्भुत गोष्टी सांगतात तो 'बुदाँव' असावा, असे अनुमान नोंदवले. युरोपातील विद्वान याच निष्कर्षाला १८५९-६० मध्ये आले.

भारतीय विद्वानांची चर्चा

एकोणिसाव्या शतकात वादाची दिशा उलटीही होती. लोरिन्सर या जर्मन अनुवादकाने १८६९ मध्ये भगवद्गीतेवर नव्या कराराचा प्रभाव असल्याचे प्रतिपादन केले. त्याला काशिनाथ त्र्यंबक तेलंग यांनी १८७५ मधील आपल्या गीतेच्या इंग्रजी पद्यानुवादाच्या प्रस्तावनेत उत्तर दिले. लोकमान्य टिळकांनी 'गीतारहस्या'च्या (१९१५) परिशिष्टात 'गीता आणि ख्रिस्ती बायबल' या विषयाचा परामर्श घेतला असून, साम्य असलेच तर ते बौद्ध धर्माच्या द्वारे पश्चिमेकडे गेले असावे, असा त्यांचा कल आहे. याउलट रा. गो. भांडारकरांनी १९१३ मध्ये बाळकृष्णाच्या उपासनेचा संबंध आभीरांशी लावला आणि त्यांनी ख्रिस्ताचे नावही सोबत आणले असण्याची शक्यता मांडली. हे मत पुढे फारसे स्वीकारले गेले नाही. दोन्ही विद्वान पुण्याचे आणि समकालीन. तरी एकाच प्रश्नावर त्यांची तोंडे विरुद्ध दिशांना होती, ही गोष्ट लक्षणीय आहे.

येशूच्या भारतवासाच्या कथा

निकोलस नोटोविच या रशियन प्रवाशाने १८९४ मध्ये एक फ्रेंच पुस्तक प्रसिद्ध केले. लडाखमधील हेमिस मठात येशूच्या भारतातील वास्तव्याचे हस्तलिखित आपल्याला वाचून दाखवण्यात आले, असा त्याचा दावा होता. मॅक्स म्यूलर यांनी त्याच वर्षी त्यावर शंका घेतली. १८९५ मध्ये आग्र्याच्या महाविद्यालयातील प्राध्यापक डग्लस हेमिसला गेले, तेव्हा तेथील मुख्य लामांनी असा ग्रंथ मठात असल्याचे साफ नाकारले.

श्रीनगरमधील रोझाबल येथील समाधी येशूची आहे, असे मत अहमदिया पंथाचे संस्थापक मिर्झा गुलाम अहमद यांनी मांडले व त्यांच्या अनुयायांची तशी श्रद्धा आहे. या समाधीतील पुरुषाचे परंपरागत नाव 'यूझ आसफ' असे आहे. हे नाव 'यूदासफ' याचेच रूप असल्याचे अनेक अभ्यासक मानतात. अरबी कथेतही राजपुत्राचा अंत काश्मीरमध्येच होतो.