होनाजी आणि सगनभाऊ : फडातली लोकप्रियता, फडानंतरचा वारसा

शाहिरी वाङ्मय शिकवताना एक प्रश्न दरवर्षी ठरल्यासारखा समोर येतो : होनाजी मोठा की सगनभाऊ? आमच्यापैकी एक जण शिरूरला शिकवतो, दुसरा दौंडला. दोन्हीकडे हा प्रश्न येतो आणि दोन्हीकडे त्याचे उत्तर बाजारातल्या गाइडांनी आधीच देऊन ठेवलेले असते. होनाजी नाजूक, सगनभाऊ रांगडा. होनाजी भावमधुर, सगनभाऊ उत्तान. एवढे लिहिले की गुण मिळतात. काही वर्षांपूर्वी दौंडच्या वर्गात हे उत्तर ऐकून मागच्या बाकावरचा एक विद्यार्थी म्हणाला, "सर, म्हणजे टुपाक आणि बिगीसारखंच की!" वर्ग हसला, आम्हीही हसलो. पण ही तुलना उडवून लावण्यासारखी नाही, हे पुढे आमच्या ध्यानात आले. लोकप्रियता आणि वारसा या दोन गोष्टी वेगळ्या असतात आणि दुसरी पहिलीतून आपोआप निघत नाही, हे सांगण्यासाठी आम्हांला तिचा फार उपयोग झाला.

ज्या वाचकांना ही नावे अपरिचित असतील त्यांच्यासाठी थोडे सांगतो. गेल्या शतकाच्या शेवटच्या दशकात अमेरिकेतील रॅप संगीतात पूर्व किनारा आणि पश्चिम किनारा असे दोन तट पडले. पश्चिमेचा नायक टुपाक शकूर, पूर्वेचा क्रिस्टोफर वॉलेस ऊर्फ नटोरियस बी.आय.जी., म्हणजेच बिगी. दोघे एके काळचे मित्र. १९९४ साली न्यू यॉर्कमध्ये टुपाकवर गोळीबार झाला, त्याचा संशय वॉलेसच्या गोटावर गेला आणि मैत्रीचे वैर झाले. दोघांमागे दोन ध्वनिमुद्रण कंपन्या उभ्या होत्या आणि वैरावर त्यांचा धंदाही चालत होता. सप्टेंबर १९९६ मध्ये टुपाक वयाच्या पंचविसाव्या वर्षी गोळ्यांना बळी पडला, मार्च १९९७ मध्ये वॉलेस चोविसाव्या वर्षी. वॉलेसचा दुसरा अल्बम त्याच्या मृत्यूनंतर सोळा दिवसांनी बाजारात आला. टुपाकचे हयातीत चार एकल अल्बम निघाले आणि मरणानंतर त्याहून अधिक.

प्रतिपक्षाला गाण्यातून आव्हान देणे, त्याच्या कुळाचा आणि गळ्याचा उपहास करणे आणि समोरच्या श्रोत्यांना पंच मानणे, हा प्रकार मराठी माणसाला नवा नाही. कलगी-तुऱ्याच्या सामन्यांत नेमके हेच घडत असे. कलगीवाले शक्तीचे, प्रकृतीचे श्रेष्ठत्व सांगत. तुरेवाले शिवाचे, पुरुषाचे. एका फडाने भेदिक लावणीतून कूट घालायचे, दुसऱ्याने तेथल्या तेथे ते सोडवून उलट सवाल टाकायचा. उत्तर सुचले नाही की हार झाली. पांडित्य, हजरजबाबीपणा, शिवराळपणा आणि गळा या चारही गोष्टी तेथे एकाच वेळी पणाला लागत. बाहेरून पाहणाऱ्याला ते भांडण वाटे. फडाच्या दृष्टीने तो पोटापाण्याचा व्यवहार होता. ज्याचा फड गाजेल त्याला पुढच्या गावाचे बोलावणे. आजही शिरूर तालुक्यातल्या गावांचे पंच यात्रेसाठी फड ठरवायला नारायणगावच्या राहुट्यांत जातात, तेव्हा लोकप्रियतेचे मोजमाप सुपारीच्या आकड्यातच होते.

आता आपले दोन शाहीर. वाङ्मयेतिहासात होनाजीचा काळ १७५४ ते १८४४ आणि सगनभाऊचा १७७८ ते १८५० असा दिला जातो. म्हणजे दोघांत सुमारे पंचवीस वर्षांचे अंतर आहे. 'समकालीन प्रतिस्पर्धी' हा शब्द वापरताना ते विसरू नये. होनाजी शिलारखाने जातीने गवळी, पुण्याचा. तमाशाचा वारसा त्याला घरातूनच मिळालेला. सगनभाऊ मुसलमान, शस्त्रांना धार लावणारा शिकलगार, मूळचा जेजुरीचा. होनाजीच्या रचना बाळा कारंजकर गाई, सगनभाऊच्या रामा गोंधळी. दुसऱ्या बाजीरावाच्या पुण्यात या दोन फडांची चढाओढ चाले. होनाजीला पेशव्यांचा आश्रय होता आणि बाजीरावाच्या सांगण्यावरून त्याने रागदारीत लावण्या बांधल्या, अशी परंपरा सांगतात.

येथे एक गंमत आहे आणि ती गंमत वाटते तितकी हलकी नाही. आमचे निम्मे विद्यार्थी पहिल्या वर्षी 'होनाजी बाळा' हे एकाच माणसाचे नाव समजतात. रचणारा आणि गाणारा एकमेकांत इतके मिसळले की गाणाऱ्याला स्वतंत्र अस्तित्व उरले नाही. पण निदान त्याचे नाव टिकले. रामा गोंधळ्याचे नाव मात्र सगनभाऊला चिकटले नाही. ज्याच्या गळ्यावर फड उभा होता तो तळटीपेत गेला. रॅपमध्ये रचणारा आणि म्हणणारा बहुधा एकच असतो, शिवाय ध्वनिमुद्रण हाताशी असते. टुपाकचा आवाज कसा होता हे दौंडचा विद्यार्थी आज खिशातून फोन काढून ऐकवू शकतो. बाळा आणि रामा कसे गात, हे आता कोणालाही ऐकवता येणार नाही. म्हणून या दोन शाहिरांची तुलना आपण करतो ती वस्तुतः दोन फडांची नसून छापील पानावर उरलेल्या अवशेषांची असते.

अवशेष कोणी निवडले, हा खरा प्रश्न आहे. ३१ डिसेंबर १८१७ च्या रात्री कॅप्टन स्टाँटनची पलटण आमच्या शिरूरच्या छावणीतून पुण्याकडे निघाली आणि दुसऱ्या दिवशी कोरेगावला पेशव्यांच्या सैन्याशी तिची गाठ पडली. त्या वर्षाच्या जूनमध्ये बाजीराव शरण गेला आणि पुढे बिठूरला रवाना झाला. त्या वेळी होनाजी चौसष्ट वर्षांचा होता, सगनभाऊ चाळिशीचा. होनाजीचा भराचा काळ आश्रयात गेला होता. सगनभाऊची पुढची तीस वर्षे आश्रय मोडल्यानंतरची. दरबार गेल्यावर शाहिरापुढे उरतो तो बाजार, जत्रा आणि चावडी. सगनभाऊला 'उत्तान' म्हणताना तो कोणापुढे उभा होता याचा विचार आमच्या टीकाकारांनी क्वचितच केला आहे.

शाहिरीला छापील प्रतिष्ठा मिळाली ती १८९१ मध्ये, ॲक्वर्थ आणि शंकर तुकाराम शाळिग्राम यांच्या पोवाड्यांच्या संग्रहाने. परंतु तो मान पोवाड्याला मिळाला, कारण पोवाडा इतिहासाचे साधन ठरत होता. लावणीला असे कारण नव्हते. पुढे य. न. केळकरांनी ऐतिहासिक पोवाडे जमवले तसे लावण्यांकडेही लक्ष दिले; पण त्यांच्या लावणीसंग्रहाचे नाव 'अंधारातील लावण्या' आहे, हे पुरेसे बोलके आहे. म. वा. धोंडांनी 'मऱ्हाटी लावणी'त या रचनांचा विचार गांभीर्याने केला, तेव्हा १९५६ साल उजाडले होते. तोवर सुशिक्षितांच्या घरात कोणता शाहीर शिरला हे ठरून गेले होते. १९५१ मध्ये व्ही. शांताराम यांचा 'अमर भूपाळी' आला. वसंत देसाई यांचे संगीत, पंडितराव नगरकर आणि लता मंगेशकर यांचे आवाज. चित्रपट १९५२ च्या कान महोत्सवापर्यंत पोहोचला. होनाजीच्या नावावरची भूपाळी घरोघरी गेली. रामजोशीवरचा चित्रपट त्याआधी १९४७ मध्येच येऊन गेला होता. सगनभाऊच्या वाट्याला त्या तोडीचा चित्रपट आला नाही.

येथे होनाजी जिंकला असे म्हणावयाचे का? आम्हांला तसे वाटत नाही. घरोघरी गेला तो देवाला जागवणारा होनाजी. ज्या लावण्यांसाठी पुण्यात लोक रात्र जागवीत, त्या कर्त्याला त्याच भूपाळीने झाकून टाकले. टुपाकचेही असेच झाले. त्याच्या कोवळ्या वयातील कविता १९९९ मध्ये पुस्तकरूपाने निघाल्या आणि विद्यापीठांतील वर्गांना सोयीचा असा एक कवी टुपाक तयार झाला. १९९६ मध्ये वॉलेसवर अर्वाच्य भाषेत तुटून पडणारा टुपाक मागे सारला गेला. वॉलेसचा असा 'सभ्य' अवतार निघाला नाही. त्याचे नाव घेतात ते बहुधा रचनेचे मर्म जाणणारे. अमेरिकेतील रॉक अँड रोल हॉल ऑफ फेममध्ये टुपाक २०१७ मध्ये गेला, वॉलेस २०२० मध्ये. विक्रीतही निवाडा होत नाही. दोघांच्या एकेका दुहेरी अल्बमला एक कोटीचे प्रमाणपत्र आहे, पण दुहेरी अल्बमची प्रत्येक प्रत दोन म्हणून मोजली जाते. जेथे इतके आकडे आहेत तेथे ही स्थिती. आमच्या शाहिरांच्या बाबतीत तर आकडेच नाहीत. आहे ती संग्राहकांची, निर्मात्यांची आणि आमच्यासारख्या अध्यापकांची निवड.

आमच्या निवडीविषयी आम्हांला एक कबुली द्यावयाची आहे. कित्येक वर्षे आम्ही होनाजीला दोन तास देत आलो आणि सगनभाऊला 'होनाजीचा प्रतिस्पर्धी' म्हणून दहा मिनिटे. मुली वर्गात आहेत, शृंगार कसा वाचावा, असे कारण आम्ही स्वतःला देत होतो. एका वर्षी धीर करून सगनभाऊची एक लावणी फळ्यावर लिहिली आणि कोणी वाचील का, असे विचारले. एरवी गप्प बसणारी एक विद्यार्थिनी उभी राहिली. तिने ती वाचली म्हणणे बरोबर नाही. ओळ कोठे तोडायची, कोणत्या अक्षरावर थांबून ढोलकीला जागा द्यायची, पालुपदाकडे परत कसे वळायचे, हे सारे तिला ठाऊक होते. आम्ही फळ्यावर ज्या वृत्ताचे गण पाडत बसलो होतो ते तिच्या श्वासात होते. तास संपल्यावर विचारले, ही लावणी आधी ऐकली होतीस का? म्हणाली, नाही, सगनभाऊ हे नावही आज पहिल्यांदाच ऐकले. मग हे कोठे शिकलीस? तिने इकडेतिकडे पाहिले. "आजीकडे. चौफुल्याला," ती म्हणाली, आणि लगेच, "मॅडम, वर्गात सांगू नका."

दौंड तालुक्यातले चौफुला हे संगीतबारीच्या केंद्रांसाठी साऱ्या जिल्ह्याला माहीत आहे. ज्या स्वरात ते नाव घेतले जाते तोही साऱ्यांना माहीत आहे. जेजुरी तेथून लांब नाही. ज्या शाहिराचे नाव तिला ठाऊक नव्हते, त्याची चाल तिच्या घरात पिढ्यान्‌पिढ्या चालत आलेल्या गायनाने जपली होती. आम्हांला त्याचे नाव, जन्मसाल, धंदा, गाव, सारे पाठ होते आणि त्याची एक ओळ नीट म्हणता येत नव्हती. वारसा म्हणून परीक्षेत आम्ही जे विचारतो ते आमच्यापाशी होते. जे ती लपवीत होती त्याला आम्ही वारसा म्हटलेच नव्हते. तिच्या विनंतीप्रमाणे आम्ही वर्गात काही बोललो नाही, आणि ते योग्य केले की नाही याचा निर्णय आमचा आम्हांलाही करता आलेला नाही. बोललो असतो तर तिचा विश्वास मोडला असता. न बोलून ती लाज आम्हीही मान्य केली.

होनाजी मोठा की सगनभाऊ, हा प्रश्न आम्ही अंतर्गत परीक्षेतून काढून टाकला आहे. त्याऐवजी दोघांची एकेक लावणी देतो आणि ती मोठ्याने म्हणावयास लावतो. पहिल्या वर्षी मुले लाजली, दुसऱ्या वर्षी कमी लाजली. मागच्या बाकावरचे रॅपप्रेमी या परीक्षेत वृत्त पाठ केलेल्यांपेक्षा बरे गुण मिळवतात, कारण शब्द तालावर कसा बसतो हे त्यांच्या कानाला कळते. त्या विद्यार्थिनीने मात्र पदवीनंतर पुढे शिकण्यासाठी अर्थशास्त्र घेतले.