सायकलचा बिल्ला

मागच्या शनिवारी माळा साफ करायला घेतला आणि बाबांच्या जुन्या पेटीत पत्र्याचा एक गंजका बिल्ला सापडला. "अरे, हा सायकलचा!" बाबा एकदम खूश. सायकलचा टॅक्स भरला की म्युनिसिपालटीकडून तो मिळायचा आणि सायकलला लावावा लागायचा. बिल्ला नसेल, दिवा नसेल किंवा डबलसीट दिसलात, तर पोलीसमामा धरणार आणि चाकातली हवा सोडणार. मग चला घरापर्यंत सायकल ढकलत.

कोड पाडून पोट भरणाऱ्या माणसाला सायकलवर टॅक्स ही कल्पनाच विनोदी वाटली, म्हणून रविवार त्यातच घालवला. तर मंडळी, हा विनोद नव्हता. पुणे महानगरपालिका १९५० साली झाली. ती ज्या १९४९ च्या कायद्यावर चालते, त्यात घरपट्टीच्या पाठोपाठ 'वाहने, बोटी आणि जनावरे' यांच्यावरचा कर येतो. मुठेत बोटी किती होत्या देव जाणे, सायकली मात्र पेठांपासून खडकीच्या कारखान्यांपर्यंत सगळीकडे. गंमत बघा, स्कूटरचा कर जातो राज्य सरकारच्या तिजोरीत. सायकलवाला मात्र थेट पालिकेच्या खिडकीवर पैसे मोजायचा. बदल्यात त्याला वेगळा ट्रॅक मिळाला का? छे हो, गरजच नव्हती. अख्खा रस्ताच त्याचा होता.

मग आलं १९७२. त्या वर्षी कायनेटिकची लूना आणि बजाजची चेतक बाजारात आली. दोन्ही कंपन्या आपल्या घरच्याच! 'सायकलींचं शहर' ही पदवी हिसकावली ती कुणा परक्याने नव्हे. बाबांना दोष देण्यात अर्थ नाही. घर कोथरूडला, नोकरी पिंपरीला, आणि बसचा भरवसा नाही. ८० च्या दशकात त्यांनी सायकल विकून लूना घेतली, बिल्ला तेवढा पेटीत राहिला.

साधारण त्याच काळात तिकडे नेदरलँड्समध्येही गाड्यांनी सायकलींना रस्त्यावरून हुसकायला सुरुवात केली होती. १९७१ मध्ये तिथे रस्त्यावर तीन हजारांहून जास्त माणसं मेली, त्यात चारशेच्या वर मुलं. आईबाप रस्त्यावर उतरले आणि ७० च्या दशकाच्या मध्यावर तिथल्या केंद्र सरकारने हेग आणि टिलबर्ग शहरांत नमुन्याचे सायकलमार्ग बांधायला पैसे दिले. आपल्याकडे असा पैसा यायला तीस वर्षं लागली.

आला तो जेएनएनयूआरएममधून. डिसेंबर २००५ ची ही योजना. पुण्याच्या आकाराच्या शहरासाठी निम्मे पैसे केंद्राचे, २० टक्के राज्याचे, ३० टक्के पालिकेचे. डिसेंबर २००६ मध्ये कात्रज–स्वारगेट–हडपसर बीआरटी सुरू झाली आणि शेजारी सायकल ट्रॅक आखले गेले. माझं मत विचाराल तर घोटाळा इथेच झाला. पैसे आले ते बसच्या रस्त्यासाठी, सायकल म्हणजे पानातली कोशिंबीर. ट्रॅक मध्येच डीपी बॉक्सपाशी संपतो, पुढे पार्किंग, त्याच्या पुढे वडापावची गाडी. तीस टक्केवाल्याला एकदा बांधून झाल्यावर निगा राखायची कसली घाई?

पुढे कागद भरपूर झाले. २०१६ मध्ये पादचारी धोरण आलं. डिसेंबर २०१७ मध्ये पालिकेच्या मुख्य सभेने सायकल आराखडा मंजूर केला : आठशे किलोमीटरहून जास्त मार्ग, खर्च तीनशे कोटींच्या वर. पाठोपाठ ॲपवाल्या भाड्याच्या सायकली आल्या आणि एक-दोन वर्षांत बहुतेक गायबही झाल्या. पण सगळंच वाया गेलं म्हणणं खोटं ठरेल. जंगली महाराज रस्त्यावर आणि औंधच्या डीपी रस्त्यावर फूटपाथ खरोखर रुंद झाले. परवा तिथे बाबा काठी न टेकता चालले. २०२१ पासून ११ डिसेंबरला पादचारी दिन म्हणून लक्ष्मी रस्ता दिवसभर चालणाऱ्यांना मिळायला लागला, तेही छानच. उरलेल्या ३६४ दिवसांचं काय, असं विचारायचा मोह आवरतो.

पालिकेच्या अंदाजपत्रकात एक शब्द आहे, 'तरतूद'. आमच्या भाषेत सांगायचं तर व्हेरिएबल डिक्लेअर झालं, व्हॅल्यू अजून यायची आहे. दुसरा शब्द 'वर्गीकरण'. म्हणजे एका कामाची तरतूद वर्षाच्या मध्येच दुसऱ्या कामाकडे वळवणे. सायकलवाल्याचा एक रुपयाही थेट तिजोरीत पडत नाही, मग त्याच्या नावचे पैसे वळवले तर ओरडणार कोण? बाबांना हे सांगितलं तर म्हणाले, "मग लावा की परत बिल्ला! निदान खिडकीवर उभं राहून भांडता येईल."

असो. तो बिल्ला रॉकेलने घासून लेकीच्या सायकलला लावलाय. ती सोसायटीच्या पार्किंगमध्ये गोल गोल फिरते. शाळा दीड किलोमीटरवर आहे आणि ती रोज विचारते. गेटच्या बाहेर अजून तिला सोडलेलं नाही.