एचएचं पेनिसिलिन, परळची फिजिओथेरपी आणि आजीचा खुबा

किल्ले आणि लढायांना आज सुट्टी. आजची गोष्ट खुब्याच्या हाडाची.

मागच्या पावसाळ्यात माझी आजी चिखलीतल्या आमच्या फ्लॅटमध्ये बाथरूमच्या उंबऱ्याला अडखळून पडली. खुब्याचं हाड मोडलं. ऑपरेशन नीट झालं, अर्धा सांधा बदलला. घरी निघताना हातात बिल, गोळ्यांची यादी आणि एक वाक्य मिळालं, 'आराम करू द्या.' आम्ही तो इतका मनापासून करू दिला, की दहा दिवसांत तिच्या कमरेखाली लाल चट्टा उठला. मी कोड लिहिणारा माणूस. बग कुठून आला ते कळल्याशिवाय झोप लागत नाही. म्हणून वाचायला बसलो.

हा 'आराम' फार जुना आहे. ऑपरेशनं रुळायच्या आधी खुबा मोडला की पायाला वजन बांधून आठवडेच्या आठवडे झोपवून ठेवायचे. हाड जुळायच्या आतच कितीतरी म्हातारी माणसं न्यूमोनियाने, पाठीच्या जखमांनी नाहीतर पायात रक्ताची गुठळी होऊन जायची. आपण 'खाटेला खिळली' म्हणतो ना, ते अगदी शब्दशः. आणि गंमत बघा, सुटका केली तीही खिळ्यानेच! बोस्टनच्या स्मिथ-पीटरसन यांनी १९३१ मध्ये तीन पात्यांच्या खिळ्याने हे हाड जोडायची पद्धत प्रसिद्ध केली.

पण हाड जोडलं म्हणजे माणूस उठतोच असं नाही. हे ठासून सांगितलं इंग्लंडमधल्या हेस्टिंग्ज या समुद्रकाठच्या गावातले सर्जन मायकेल डेव्हास यांनी. त्यांनी म्हाताऱ्यांच्या आजारांचे डॉक्टर बॉबी आयर्विन यांना सोबत घेतलं. त्यांचं म्हणणं साधं होतं: ऑपरेशनच असं करा, की पेशंटला लगेच पायावर भार देता येईल. आज ब्रिटनच्या नाइस या संस्थेची २०११ ची मार्गदर्शिकाही हेच सांगते. दुसरी काही अडचण नसेल तर ऑपरेशनच्या दुसऱ्याच दिवशी उभं करा. दुसऱ्या दिवशी! आम्ही दहा दिवस उशा बदलत बसलो होतो.

आता आपल्या भागात येऊ. मेट्रोने पिंपरीला जाता-येता ज्या भागाला आपण नुसतं 'एचए' म्हणतो, ती हिंदुस्थान अँटिबायोटिक्स कंपनी १९५४ ची. युनिसेफ आणि जागतिक आरोग्य संघटनेच्या मदतीने तिथे पेनिसिलिन बनू लागलं. अंथरुणातल्या न्यूमोनियाशी लढायला आणि ऑपरेशनची जखम चिघळू नये म्हणून असं औषध लागतंच. पण पेनिसिलिन माणसाला चालवत नाही. ते काम दुसऱ्या विद्येचं. ती विद्या शिकवणारी शाळा १९५३ मध्ये मुंबईत परळच्या केईएममध्ये सुरू झाली, तीही जागतिक आरोग्य संघटनेच्याच मदतीने. निमित्त होतं मुंबईतली पोलिओची साथ. म्हणजे लहान मुलांच्या लुळ्या पडलेल्या पायांसाठी आलेली ही विद्या आज आजी-आजोबांना उभं करते. माझ्या मते या दोन्हींत पेनिसिलिनचं नाव झालं, फिजिओथेरपीच्या वाट्याला मात्र 'मालिश' हा शब्द आला. आमच्या सोसायटीतही अजून तोच चालतो.

शेवटी सर्जनना विचारून आम्ही फिजिओच्या ताई घरी बोलावल्या. पहिल्या दिवशी फक्त पलंगाच्या कडेला पाय सोडून बसणं, मग वॉकर धरून उभं राहणं. "आजी, आधी वॉकर, मग ऑपरेशनचा पाय, मग चांगला." जिन्यासाठी वेगळा नियम: चढताना चांगला पाय आधी, उतरताना ऑपरेशनचा. आजी पहिल्यांदा उभी राहिली तेव्हा थरथरत होती आणि मलाच ओरडली, "अरे, धरू नकोस, मला पाडशील!"

चट्टा गेला. दोन महिन्यांनी ती वॉकर घेऊन लिफ्टपर्यंत जायला लागली. आता तिला गावी जायचंय. पण ताईंनी उकिडवं बसायला मनाई केलीय आणि गावच्या घरी संडास देशी. कमोड आणून ठेवलाय, प्लंबर 'उद्या येतो' म्हणतोय. आजी रोज फोन करून त्याला विचारते, कुठला उद्या?