कोर्टाने खासदारकी काढली, लोकांनी सहा आठवड्यांत परत दिली. घानातल्या असिन नॉर्थ मतदारसंघाची गोष्ट

17 मे 2023. पश्चिम आफ्रिकेतल्या घाना या देशाच्या सर्वोच्च न्यायालयाने एका खासदाराचं नाव संसदेच्या नोंदींमधून काढून टाकायला सांगितलं. खासदाराचं नाव जेम्स ग्याक्ये क्वेसन, मतदारसंघ असिन नॉर्थ. त्यानंतर बरोबर 41 दिवसांनी, 27 जूनला, तिथे पोटनिवडणूक झाली. उमेदवार पुन्हा क्वेसन आणि निवडून आले तेही क्वेसनच.

मग कोर्टाने त्यांना काढलं कशासाठी? आणि काढल्यावर ते परत उभे कसे राहिले? सविस्तर समजून घेऊ.

असिन नॉर्थ कुठे आहे?

घानाच्या दक्षिणेला सेंट्रल रीजन नावाचा प्रांत आहे. केप कोस्ट हे त्याचं मुख्य शहर. याच प्रांतात असिन नॉर्थ हा ग्रामीण मतदारसंघ येतो. असिन बेरेकू हे इथल्या जिल्ह्याचं मुख्यालय.

घानाच्या संसदेत एकच सभागृह आहे. दर चार वर्षांनी राष्ट्राध्यक्ष आणि खासदार यांची निवडणूक एकाच दिवशी होते. मतदार दोन वेगळी मतं देतात. खासदारकीला आपल्यासारखाच नियम, ज्याला सगळ्यात जास्त मतं तो विजयी. देशात मुख्य पक्ष दोन: न्यू पॅट्रिऑटिक पार्टी म्हणजे एनपीपी आणि नॅशनल डेमोक्रॅटिक काँग्रेस म्हणजे एनडीसी.

असिन नॉर्थ कुणाचाच बालेकिल्ला नाही. 2012 ला इथून एनडीसीचे सॅम्युएल अँब्रे जिंकले, 2016 ला एनपीपीच्या अबेना दुरोवा मेन्सा. 2020 ला क्वेसन यांनी सुमारे 55 टक्के मतं घेऊन ही जागा परत एनडीसीकडे आणली.

घोळ कुठे झाला?

घानाचा नागरिक दुसऱ्या देशाचंही नागरिकत्व ठेवू शकतो. भारतात अशी सोय नाही. मात्र घानाच्या 1992 च्या राज्यघटनेतलं कलम 94(2)(अ) सांगतं, की दुसऱ्या देशाशी निष्ठा बांधलेली व्यक्ती खासदार व्हायला पात्र नाही. म्हणजे दोन पासपोर्ट चालतील, पण खासदार व्हायचं तर एक सोडावा लागेल.

क्वेसन यांच्याकडे कॅनडाचं नागरिकत्व होतं. ते सोडण्यासाठी त्यांनी अर्ज केलेला होता. आता तारखा नीट बघा:

- ऑक्टोबर 2020: उमेदवारी अर्ज भरला
- 26 नोव्हेंबर 2020: कॅनडाकडून नागरिकत्व सोडल्याचं प्रमाणपत्र
- 7 डिसेंबर 2020: मतदान

मतदानाच्या दिवशी ते फक्त घानाचे नागरिक होते. अर्ज भरताना मात्र दोन्ही देशांचे. पात्रता कोणत्या दिवशी बघायची, यावर सगळा खटला उभा राहिला.

कोर्टात काय झालं?

मतदारसंघातल्याच एका रहिवाशाने केप कोस्टच्या हायकोर्टात धाव घेतली. कोर्टाने शपथ घ्यायला तात्पुरती मनाई केली, तरी जानेवारी 2021 मध्ये क्वेसन यांनी शपथ घेतली. जुलै 2021 मध्ये हायकोर्टाने त्यांची निवडणूकच रद्द ठरवली. अपिलं सुरू राहिली. एप्रिल 2022 मध्ये सर्वोच्च न्यायालयाने 5 विरुद्ध 2 मतांनी त्यांना खासदार म्हणून काम करायला मनाई केली. शेवटी मे 2023 मध्ये एकमताने निकाल आला: अर्ज भरण्याच्या दिवशीच उमेदवार पात्र हवा.

म्हणजे निवडून दिलेला खासदार असूनही असिन नॉर्थच्या लोकांचा आवाज एक वर्षाहून जास्त काळ संसदेत नव्हता.

एका जागेवरून एवढा गदारोळ का?

उत्तर आकड्यांत आहे. 2020 च्या निवडणुकीत 275 पैकी एनपीपीला 137, एनडीसीला 137 आणि एक अपक्ष. अपक्ष खासदार एनपीपीसोबत गेले. अशा संसदेत एकेक मत सोन्याचं. सभापती निवडीच्या रात्री तर मतपत्रिका हिसकावून पळण्याचा प्रकार घडला आणि सैनिक सभागृहात शिरले.

हा नियम फक्त एनडीसीच्या खासदारालाच लागला असंही नाही. एनपीपीचे बावकू सेंट्रलचे खासदार अदामू द्रामानी साकांदे यांना ब्रिटिश नागरिकत्वाच्या प्रकरणात 2012 मध्ये दोन वर्षांची शिक्षा झाली होती.

पोटनिवडणुकीत काय घडलं?

कॅनडाचं नागरिकत्व सुटलेलं असल्याने 2023 ला क्वेसन पूर्ण पात्र होते. पण त्यांच्यावर खोटी माहिती दिल्याचा फौजदारी खटला सुरू होता. प्रचारात राष्ट्राध्यक्ष नाना अकुफो-अ‍ॅडो स्वतः उतरले. तुरुंगात जाण्याची शक्यता असलेल्या माणसाला मत देऊ नका, असा त्यांचा सूर होता. एनडीसीकडून माजी राष्ट्राध्यक्ष जॉन महामा आले.

निकाल असा लागला:

- जेम्स ग्याक्ये क्वेसन, एनडीसी: 17,245 मतं (57.56 टक्के)
- चार्ल्स ओपोकू, एनपीपी: 12,630 मतं (42.15 टक्के)
- लिबरल पार्टी ऑफ घानाच्या उमेदवार: 87 मतं

2020 पेक्षा क्वेसन यांची टक्केवारी वाढली. जुलैच्या सुरुवातीला त्यांनी पुन्हा शपथ घेतली.

पुढे काय झालं?

डिसेंबर 2024 च्या निवडणुकीत महामा राष्ट्राध्यक्ष झाले आणि क्वेसन यांनी जागा राखली. सरकार बदलल्यावर 2025 च्या सुरुवातीला त्यांच्यावरचा खटला मागे घेण्यात आला. पुढे ते परराष्ट्र खात्याचे उपमंत्री झाले.

खटला मागे गेला, कलम 94 मात्र जसंच्या तसं आहे. परदेशातून परतून निवडणूक लढवू पाहणाऱ्या घानाच्या प्रत्येक नागरिकाला असिन नॉर्थने एक गोष्ट पक्की शिकवली आहे: दुसरं नागरिकत्व सोडल्याचा कागद मतदानाच्या नाही, अर्जाच्या दिवशी हातात हवा.