पॉम्पेईत सापडलेली हस्तिदंती बाई जालन्याची होती का? वीकेंडला भोकरदनला जाण्याआधी हे वाचा

शुक्रवारी संध्याकाळी फोन उघडला की आल्प्सची एखादी हिरवीगार दरी समोर येतेच. खाली कुणीतरी लिहिलेलं असतं, 'इथं गर्दी नसते.' इटलीला जाणं आपल्यापैकी बहुतेकांच्या बजेटमध्ये बसत नाही, हे उघड आहे. पण जालना जिल्ह्यात केळना नदीच्या काठावर एक गाव आहे, ज्याचं नाव इटलीतल्या एका मूर्तीसोबत घेतलं जातं. गर्दी तिथंही नसते.

हे गाव म्हणजे भोकरदन.

विषय असा आहे की 1938 साली इटलीतल्या पॉम्पेईच्या उत्खननात एका घरात भारतीय घडणीची हस्तिदंती मूर्ती सापडली. उंची साधारण 25 सेंटिमीटर. अंगभर दागिने घातलेली स्त्री आणि दोन्ही बाजूंना दोन छोट्या सेविका. इसवी सन 79 मध्ये व्हेसुव्हियस ज्वालामुखीच्या राखेखाली पॉम्पेई गाडलं गेलं, म्हणजे ही मूर्ती त्याआधीच तिथं पोहोचली होती. आज ती नेपल्सच्या पुरातत्त्व संग्रहालयात आहे. तिला 'पॉम्पेईची लक्ष्मी' म्हणतात, पण ती लक्ष्मी नसून यक्षी असावी, असं अनेक अभ्यासकांचं मत आहे. मूर्तीच्या डोक्यात वरून भोक आहे. त्यामुळे ती पूजेची नव्हे, तर एखाद्या फर्निचरचा पाय किंवा आरशाची मूठ असावी, असाही अंदाज आहे.

मग भोकरदनचा संबंध काय?

1973 मध्ये नागपूर आणि मराठवाडा विद्यापीठांनी मिळून भोकरदनला उत्खनन केलं. शां. भा. देव आणि र. शं. गुप्ते यांनी त्याचा अहवाल लिहिला. या उत्खननात एका हस्तिदंती मूर्तीचा फक्त खालचा भाग मिळाला. मधे स्त्री, दोन्ही बाजूंना सेविका. मांडणी पॉम्पेईच्या मूर्तीसारखीच. धाराशिव जिल्ह्यातल्या तेरलाही अशीच एक हस्तिदंती स्त्रीमूर्ती सापडली आहे, पण तिच्यासोबत सेविका नाहीत. म्हणून तुलनेत भोकरदनचं नाव जास्त घेतलं जातं.

भोकरदनचं जुनं नाव भोगवर्धन. सातवाहनांच्या पैठणहून उज्जैनकडे जाणाऱ्या व्यापारी मार्गावरचं हे शहर. इथल्या लोकांनी सांचीच्या स्तूपाला दान दिल्याचे लेख सांचीत कोरलेले आहेत. म्हणजे तेव्हाही इथली माणसं घरात बसून नव्हती.

आता महत्त्वाचं. 'पॉम्पेईची मूर्ती भोकरदनला बनली' असं कुणी छातीठोक सांगत असेल, तर फॉरवर्ड करण्याआधी थांबा. ते सिद्ध झालेलं नाही. त्या मूर्तीच्या तळाशी खरोष्ठी लिपीतलं एक अक्षर आहे आणि खरोष्ठी ही वायव्य भारतातली, गांधारकडची लिपी. ते अक्षर वस्तू जोडताना केलेली खूण असू शकतं, असंही सांगितलं जातं. त्यामुळे दोन्ही मूर्तींची शैली जवळची आहे, इतकंच खात्रीनं म्हणता येतं. माझ्या मते तेवढंही पुरेसं भारी आहे. ओढून ताणून 'मेड इन जालना'चा शिक्का मारायची गरज नाही.

तिथं गेल्यावर दिसतं काय?

खरं सांगायचं तर सातवाहनांचं शहर दिसत नाही. दिसतं ते नेहमीचं तालुक्याचं गाव. नदीकाठची खडकात कोरलेली लेणी मात्र बघता येतात. ती वैष्णव असून साधारण आठव्या शतकातली मानली जातात. जालन्याहून येताना वाटेत राजूरचा गणपती लागतो, तिथं चतुर्थीला प्रचंड गर्दी असते. शांतता हवी असेल तर तो दिवस टाळा.

भोकरदनजवळच आसई आहे. 23 सप्टेंबर 1803 रोजी दौलतराव शिंदे आणि रघुजी भोसले यांच्या फौजेची आर्थर वेलस्लीशी इथं लढाई झाली. मराठ्यांचा तळ नदीकाठानं भोकरदनपासून आसईपर्यंत पसरला होता. जवळपास नदीला उतार नाही, असं वाटाड्यांनी वेलस्लीला सांगितलं. पण नदीच्या दोन्ही काठांवर समोरासमोर दोन गावं त्याला दिसली. इतकी जवळची गावं असतील तर लोक नदी ओलांडतच असणार, हा त्याचा तर्क बरोबर निघाला. शिंद्यांच्या तोफांनी इंग्रजांची दाणादाण उडवली, त्यांचे दीड हजारांहून जास्त लोक मेले किंवा जखमी झाले, पण लढाई इंग्रजांनी जिंकली. याच वेलस्लीनं पुढे 1815 मध्ये वॉटर्लूला नेपोलियनला हरवलं. तरी आपली सर्वोत्तम लढाई कोणती, असं विचारल्यावर त्यानं आसईचंच नाव घेतलं होतं.

दुसऱ्या दिवशी

दुसरा दिवस अन्व्यासाठी ठेवा. हे गाव भोकरदन तालुक्यातच, अजिंठ्याच्या दिशेला आहे. इथलं मढाचं महादेव मंदिर साधारण बाराव्या शतकातलं. आत महादेव असला तरी बाहेरच्या भिंतींवर विष्णूच्या शक्तींची स्त्रीरूपं कोरलेली आहेत. त्यामुळे मुळात हे विष्णूचं मंदिर असावं, असं मानलं जातं. फेरी मारताना घाई करू नका, हातातली आयुधं बघत चला, प्रत्येक मूर्तीत त्यांचा क्रम बदलतो.

उन्हाळ्यात इकडे येऊ नका. पावसाळा संपताना ते जानेवारी हा काळ चांगला. आसई आणि अन्व्यासाठी स्वतःची गाडी असलेली बरी, पाणी आणि डबा सोबत ठेवा. पुढे अजिंठ्याला जाऊन सुट्टी एका दिवसानं वाढवायचा विचार असेल, तर लेणी सोमवारी बंद असतात.