व्याधी आणि वहिवाट

भारतातील कर्करोग-संशोधनाचा इतिहास सूक्ष्मदर्शकापासून सुरू होतो, असे सामान्यतः मानले जाते. तथापि त्याचे आरंभीचे महत्त्वाचे निष्कर्ष पाहिले, तर त्यांच्या मुळाशी रुग्णाला विचारलेला एक साधा प्रश्न आढळतो : तुम्ही काय खाता, काय ओढता, काय नेसता?

दक्षिण त्रावणकोरातील नेय्यूर येथील मिशन रुग्णालयाच्या अनुभवावरून डॉ. ऑर यांनी १९३३ मध्ये विडा खाण्याची सवय आणि मुखाचा कर्करोग यांच्या संबंधाविषयी लिहिले होते. परंतु निरनिराळ्या प्रांतांतील रुग्ण एका ठिकाणी पाहण्याची सोय झाली ती २८ फेब्रुवारी १९४१ रोजी मुंबईत परळ येथे टाटा स्मारक रुग्णालय उघडल्यानंतर. तेथील प्रयोगशाळांची धुरा विकृतिशास्त्रज्ञ डॉ. वसंत रामजी खानोलकर यांच्याकडे आली. देशाच्या कानाकोपऱ्यांतून येणारे रुग्ण आपल्याबरोबर व्याधीप्रमाणेच आपापल्या मुलखाची वहिवाटही घेऊन येत होते.

१९४५ मध्ये खानोलकर आणि सूर्याबाई यांनी अशा वहिवाटींशी निगडित तीन प्रकारच्या कर्करोगांचे वर्णन प्रसिद्ध केले. धोतराची गाठ वर्षानुवर्षे कमरेच्या एकाच जागी घासून तेथील त्वचेवर होणारा कर्करोग, हा पहिला. आंध्रच्या किनारपट्टीवर जाडाभरडा चुट्टा पेटते टोक तोंडात धरून ओढतात. त्यामुळे टाळूला होणारा, हा दुसरा. बिहारात चुन्यात मळलेली खैनी खालच्या ओठाच्या आत धरून ठेवतात. त्याच जागी उद्भवणारा, हा तिसरा. धोतर, चुट्टा आणि खैनी हे लोकव्यवहारातील शब्द अशा रीतीने वैद्यकाच्या परिभाषेत आले. या मांडणीचे मोल मात्र केवळ नामकरणात नाही. व्याधीचे कारण वंशात किंवा प्रारब्धात नसून आचारात असेल, तर तो आचार बदलून ती टाळताही येईल, हा आशय तीत अंतर्भूत होता.

पुढे १९५२ मध्ये भारतीय कर्करोग संशोधन केंद्र स्थापन झाले. खानोलकरांच्या विद्यार्थिनी डॉ. कमल रणदिवे यांनी तेथे ऊतिसंवर्धनाची प्रयोगशाळा उभारली आणि पेशींच्या पातळीवर रोगाचा शोध चालविला. दुसरीकडे, संघवी, राव आणि खानोलकर यांनी १९५५ मध्ये रुग्णांच्या सवयींची संख्याशास्त्रीय तुलना प्रसिद्ध केली. तंबाखू चघळण्याचा संबंध मुख्यतः मुखाच्या, तर धूम्रपानाचा घशाच्या कर्करोगाशी असल्याचे तीत दिसून आले. १९६६ मध्ये रुग्णालय आणि संशोधन केंद्र या दोन्ही संस्था टाटा स्मारक केंद्र या नावाने एकत्र आल्या.

ज्ञान आणि आचरण यांमधील अंतर मात्र लवकर मिटले नाही. तंबाखूयुक्त विडा कर्करोगकारक असल्याचा निर्वाळा आंतरराष्ट्रीय कर्करोग संशोधन संस्थेने १९८५ मध्ये दिला. तंबाखूच्या जाहिरातींना आणि अल्पवयीनांना होणाऱ्या विक्रीला प्रतिबंध करणारा देशव्यापी कायदा २००३ मध्ये झाला. १९४५ च्या त्या निबंधास तोवर अठ्ठावन्न वर्षे लोटली होती, आणि या अवधीत त्याच व्याधीचे रुग्ण परळच्या दारी येतच राहिले.

हे अंतर कमी करण्याचा एक मार्ग सोलापूर जिल्ह्यातील बार्शी येथे दिसला. १९८७ मध्ये तेथे भारतातील पहिली ग्रामीण कर्करोग नोंदणी सुरू झाली. खेड्यातील रुग्ण रुग्णालयापर्यंत पोहोचतच नाही, मग त्याची नोंद कोठून व्हावी? म्हणून कार्यकर्ते स्वतः गावोगावी फिरू लागले. रुग्णांची माहिती गोळा करताना ते लोकांना रोगाची लक्षणे समजावून सांगत आणि तपासणीस येण्याचा आग्रह धरीत. गर्भाशयमुखाचा कर्करोग आरंभीच्या अवस्थेतच उघडकीस येण्याचे प्रमाण या परिसरात वाढले, असे १९९५ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात नमूद आहे. गणनेसाठी विचारलेला प्रश्न येथे शुश्रूषेचा आरंभ ठरला. परळच्या प्रयोगशाळेने ज्या प्रश्नापासून प्रारंभ केला होता, तो आता रुग्णाची वाट न पाहता त्याच्या उंबरठ्यावर जाऊन विचारला जात होता.